उभा धागा

सोलापूर,
रविवार, रात्री.

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुरुवारी रात्री तू फोनवर म्हणालास, "बाबा, दिवसभर काही ना काही चालूच असते, पण अंथरुणाला पाठ टेकली की दिवस कशात गेला ते सांगता येत नाही." त्यावर मी नेहमीसारखे "जेवलास का, झोप आता" एवढेच बोललो. ते उत्तर नव्हते, हे मला बोलतानाच कळत होते. तीन दिवस तुझे ते वाक्य मनातून गेलेले नाही, आणि फोनवर मला एवढे सगळे धड मांडता येत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

पुण्यातली तुझी नोकरी, तिच्या जोडीला लावून घेतलेला ऑनलाइन कोर्स, स्पर्धा परीक्षेचा अर्धवट राहिलेला अभ्यास, मित्रांबरोबरचे गडकिल्ले आणि या सगळ्यांच्या मधून सारखा वाजणारा मोबाइल, यांतले काहीच वाईट नाही. माझ्या मते खरी अडचण तीच आहे. वाईट गोष्ट दिसली की माणूस निदान चार पावले लांब तरी सरतो. चांगल्या गोष्टींचीच गर्दी झाली की नाही कोणाला म्हणायचे, हे कोणी शिकवलेले नसते.

तू लहानपणी डबा द्यायला कारखान्यात यायचास, तेव्हा चादरीच्या मागासमोर कानांवर हात ठेवून उभा राहायचास. वर जॅकार्डवर, म्हणजे नक्षी उचलणाऱ्या सांगाड्यावर, पुठ्ठ्यांची माळ फिरायची आणि पुठ्ठ्याला पाडलेल्या छिद्रांप्रमाणे खाली चादरीवर फूल उमटायचे, ते तुला फार आवडायचे. पण त्या मागाची एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातला आडवा धागा तुटला किंवा त्यातली सुताची कांडी संपली, की माग आपोआप थांबतो. त्यासाठी त्याला एक काटाच बसवलेला असतो. उभ्या धाग्याचे तसे नाही. आमच्या जुन्या मागांवर ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एखादा धागा तुटला तरी माग तसाच खडखडत चालत राहायचा, कापड पुढे सरकत राहायचे आणि तुटलेल्या धाग्याच्या जागी एक बारीक रेघ लांबच लांब पडत जायची. ती रेघ विणकराच्या नजरेलाच दिसावी लागते. म्हणून नवीन माणसाला आम्ही पहिली गोष्ट सांगायचो ती ही, की माग थांबला तर घाबरू नकोस, डोळा मात्र ताण्यावर ठेव.

तुझ्या दिवसातले फोन, मेसेज, मीटिंगा हे सगळे आडवे धागे आहेत. ते तुटले की लगेच बोंब होते, कोणीतरी आठवण करून देते, म्हणून त्यांच्याकडे लक्ष जातेच. ज्यांच्यावर सारे कापड तोललेले असते ते उभे धागे मात्र आवाज न करता तुटतात.

मी हे मोठेपणा मिरवण्यासाठी सांगत नाही. तू चौथीत होतास त्या वर्षी मी भिशीचा हिशेब अंगावर घेतला होता, मंडळाचा खजिनदार झालो होतो, गृहनिर्माण सोसायटीच्या कागदपत्रांसाठी खेटे घालत होतो आणि सुट्टीच्या दिवशी विम्याची कामेही पाहत होतो. लोक नावाजत होते. एका दुपारी मागासमोर उभा राहून मी भिशीच्या हप्त्यावरून एकाशी हुज्जत घालत होतो, आणि त्या वेळात उभा धागा तुटून तीन चादरी रेघ पडून निघाल्या. मालकांनी एक शब्दही न बोलता त्या डागी मालाच्या ढिगावर टाकल्या. मला त्या चादरींपेक्षा वेगळेच काही लागले. त्याच आठवड्यात तुझ्या आईने तुझी वही माझ्यापुढे धरली होती. 'माझे बाबा' या निबंधात तू लिहिले होतेस, "माझे बाबा फार कामात असतात." पुढच्या ओळी रिकाम्या होत्या. दिवाळीपर्यंत मी भिशी आणि खजिनदारकी दोन्ही सोडली. काही माणसे दुखावली, त्यांतले दोघे अजूनही नीट बोलत नाहीत, आणि ते मला मान्य करावे लागले.

भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीसांच्या घरात तुला नेले होते, ते तुला आठवत असेल. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली आपल्या सोलापुरातच जन्मले. पुढे शिकण्याची वाट त्यांना मोकळी होती, पण १९३८ साली ते पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले. बाकीचे चौघे परत आले. हे तिथेच जखमी सैनिकांवर उपचार करीत राहिले आणि १९४२ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. तूही तसेच काही करावेस, असे मी म्हणत नाही. त्या घरातून बाहेर पडताना दर वेळी माझ्या मनात एवढेच येते, की एक गोष्ट धरण्यासाठी त्यांनी इतर किती गोष्टी हातातून सोडल्या असतील, आणि त्या सोडलेल्या गोष्टीही मानाच्याच होत्या.

तुझे उभे धागे कोणते, हे मी सांगू शकत नाही. सांगितले तरी ते तुझे होणार नाहीत. पण तुला ते ओळखता येतात, हे मी पाहिले आहे. गेल्या दिवाळीत आजीला ताप भरला, तेव्हा ऑफिसचे फोन येत असतानाही तू लॅपटॉप मिटून ठेवलास आणि दोन रात्री तिच्या उशाशी बसून राहिलास. कोणी सांगितले नव्हते. तिथे तू स्वतःहून माग थांबवलास. कशाकशासाठी आपण असा माग थांबवू, हे एकदा शांतपणे कागदावर लिहून काढ. यादी लहान निघाली तर वाईट वाटून घेऊ नकोस. माझीही लहानच आहे.

अजून एक. गड्ड्याच्या यात्रेत, सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता टाकायच्या दिवशी, आपण दोघे देवळाजवळच्या संमती कट्ट्यापाशी गर्दीत उभे होतो. मिरवणुकीतल्या उंच काठ्या, नंदीध्वज, जवळ आले तसा तू मोबाइल वर धरलास आणि शेवटपर्यंत तो खाली घेतला नाहीस. दुसऱ्या दिवशी कपडे धुताना आईला तुझ्या झब्ब्याच्या खिशात सगळ्या अक्षता तशाच सापडल्या. तिने त्या फेकल्या नाहीत, देवाजवळच्या पितळी डबीत ठेवल्या आहेत. मी रागावलेलो नाही. आईने त्या मला दाखवल्या तेव्हा मला फक्त तुझी ती चौथीतली वही आठवली.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी परवा पार्सलने पाठवतो. यादी झाली की मला फोनवर वाचून दाखवू नकोस, पत्रानेच पाठव.

तुझा,
बाबा