पंचेश्वरच्या गेटवर कोणाचा माणूस बसणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात भारत-नेपाळ सीमेवरच्या महाकाली नदीवरील नियोजित पंचेश्वर धरणावर पानभर मजकूर आला. उंची किती, मेगावॅट किती, भारताला पाणी किती, नेपाळला किती, सगळे वाचले. मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो आणि नोकरीचा बराच काळ धरणावरच्या क्वार्टरमध्ये काढला. त्यामुळे असा लेख हातात आला की मी आधी एकच गोष्ट शोधतो : भर पावसाळ्यात, रात्री, गेट उचलायचा आदेश कोण देणार? ती आपल्या पानात नव्हती. इतर वर्तमानपत्रांतही नसते, म्हणून हा पत्रप्रपंच.

महाकाली करार १२ फेब्रुवारी १९९६ चा. सविस्तर प्रकल्प अहवाल सहा महिन्यांत पक्का करायचा असे तेव्हा ठरले होते. ते सहा महिने अजून चालूच आहेत. तीनशे मीटरांहून उंच धरण, खाली रूपालीगाडला दुसरे लहान धरण, मिळून पाच हजारांच्या आसपास मेगावॅट, शिवाय सिंचन, शिवाय पूरनियंत्रण. फलकावर हे सगळे फायदे एका रांगेत रंगवता येतात. जलाशयात मात्र ते एकमेकांच्या उरावर बसतात.

वीजवाल्याला धरण कायम भरलेले हवे, कारण पाणी जितके उंचावर तितकी त्याच पाण्यातून वीज जास्त. पूर अडवायचा तर जुलै-ऑगस्टमध्ये जागा मोकळी हवी. शेतकऱ्याला १५ ऑक्टोबरला साठा काठोकाठ पाहिजे आणि पुढे रब्बीच्या पाणीपाळ्या वेळेवर पाहिजेत. वीजवाला मात्र पाणी सोडणार ते संध्याकाळी दिवे लागले की. म्हणूनच वीजघराचे पाणी झेलायला खाली दुसरे धरण लागते. आपल्याकडे पेंच नदीवर तोतलाडोह धरणाखाली नवेगाव खैरीचे धरण तेच काम करते. या ओढाताणीवर उपाय म्हणून आम्ही जलाशय परिचालन सूची पाळतो : अमुक तारखेला पातळी अमुक, त्याच्या वर पाणी गेले की सोडून द्यायचे. वाचायला सोपे आहे. ऑगस्टच्या मध्यावर भरत आलेल्या धरणाचे पाणी नदीत सोडून पाहा. पुढे सप्टेंबर कोरडा गेला तर तालुका तुमच्या नावाने बोटे मोडतो, आणि नाही सोडले अन् पूर आला तर चौकशी लागते. हे एकाच राज्यातले, एकाच खात्यातले.

आता दोन राज्यांतले सांगतो. आंतरराज्य नदीवरच्या एका धरणावर माझी नेमणूक होती. ऑगस्टातली रात्र. आमच्या बाजूचा पाऊस संध्याकाळीच थांबलेला, आकाशात चांदण्या, तरी पातळी चढतच होती. खलाशी गेजवर (पातळी मोजायच्या पट्टीवर) बॅटरी मारून आकडा ओरडायचा आणि मी वहीत टिपायचो. आधी तासाला दहा सेंटिमीटर, मग पंधरा, मग त्याहून जास्त. पाऊस नाही आणि येवा (जलाशयात येणारे पाणी) वाढतोय, याचा अर्थ आमच्या धंद्यात एकच : वरच्याने गेट उघडले. त्याचा बिनतारी संदेश मिळाला तेव्हा ते पाणी आमच्या जलाशयात येऊन बसलेसुद्धा होते. संदेश त्यांच्या धरणावरून त्यांच्या मुख्यालयात, तिथून आमच्या मुख्यालयात, मग मंडळ कार्यालयात आणि शेवटी आमच्या यंत्रावर, असा फिरून आला होता. नदीला असली शिस्त ठाऊक नसते, ती सरळ येते. सूचीतल्या आपत्कालीन कलमाचा आधार घेऊन भोंगा वाजवला, खालच्या गावांना माणूस धाडला आणि दोन वक्रद्वारे उचलली. दोन्हीकडचे अधिकारी एकमेकांना नावानिशी ओळखत होते, बैठकीत सोबत चहा पीत होते. कोणाच्या मनात खोट नव्हती.

इथे तर भाषा जवळची, दिल्ली एकच. मध्ये देशाची सीमा आली की काय होईल ते पाहायचे असेल तर आफ्रिकेतले करिबा पाहावे. झांबेझी नदीवरचे हे कमानी धरण, १२८ मीटर उंच, एक टोक झांबियात, दुसरे झिम्बाब्वेत. दोन्ही काठांवर ज्याचे त्याचे वीजघर. जिवंत, म्हणजे उपयुक्त, साठा सुमारे ६४,८०० दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे तोतलाडोहच्या साठपटीहून जास्त. पूर्ण संचय पातळी ४८८.५० मीटर (तोतलाडोहची ४९०, निव्वळ योगायोग), आणि ४७५.५० च्या खाली वीजनिर्मिती बंद. एवढ्या अवाढव्य जलाशयाचा सगळा संसार या तेरा मीटरांत चालतो.

हे धरण दोघांपैकी कोणत्याही वीज कंपनीच्या ताब्यात नाही. १९८७ मध्ये दोन्ही संसदांनी सारखेच कायदे करून झांबेझी नदी प्राधिकरण स्थापले. वर दोन्ही सरकारांचे दोन-दोन मंत्री. भिंत, सांडव्याची सहा दारे आणि पातळीची नोंद प्राधिकरणाकडे. वीजघरांनी वर्षाला किती पाणी फिरवायचे हे तेच ठरवते, दोघांना निम्मे-निम्मे. पावसाळ्यापूर्वी पुरासाठी किती जागा मोकळी ठेवायची, तेही तेच. त्याआधीही १९७३ मध्ये त्या दोन देशांमधली सीमा बंद झाली, झिम्बाब्वेत (तेव्हाच्या ऱ्होडेशियात) यादवी पेटली, तरी तेव्हाच्या संयुक्त वीज महामंडळाने धरण चालवले. हे वाचल्यावर मी चष्मा काढून पुन्हा वाचले होते.

करिबाची आरती ओवाळायची म्हणून हे सांगत नाही. त्या जलाशयासाठी टोंगा जमातीची सुमारे ५७,००० माणसे उठवली गेली, आणि विस्थापन म्हणजे काय हे वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या शेजाऱ्यांना शिकवायला नको. नियमही काही आपोआप पाळले गेले नाहीत. २०२२ साली दोघांना मिळून ४५,००० दलघमी पाणी ठरले होते, म्हणजे प्रत्येकी २२,५००. झिम्बाब्वेने आपला वाटा नोव्हेंबरमध्येच संपवून वर उचल केली. उपयुक्त साठा पाच टक्क्यांच्याही खाली आला. तेव्हा प्राधिकरणाने त्यांच्या वीज कंपनीला पत्र लिहून कळवले की जानेवारीपर्यंत निर्मिती पूर्ण बंद ठेवा. देश अंधारात, कारखाने बोंबलताहेत आणि पत्र येते : बंद करा! पुढे रदबदली होऊन थोडीफार निर्मिती चालू राहिली. तडजोडी होणारच. पण उचल कोणी केली, किती केली, यावर वाद झाला नाही, कारण वही एकच होती. २०२४ च्या दुष्काळात वाटप थेट १६,००० दलघमीवर आणले, तेही निम्मे-निम्मे. दोन्हीकडे हाल झाले, पण पाणी पलीकडच्याने पळवले असे म्हणायला कोणाला जागा राहिली नाही.

याउलट कोसी नदी. १९५४ च्या भारत-नेपाळ करारातून बांधलेला, ५६ दारांचा बराज, म्हणजे नदीवरचा दारांचा बंधारा. उभा नेपाळच्या जमिनीवर, चालवतो बिहारचा जलसंसाधन विभाग. आपल्या पानात त्याला ‘धरण’ म्हटले आहे आणि ‘भारताने दारे उघडल्याने बिहार बुडाला’ असेही वाक्य आहे. महोदय, बराजमागे साठा नसतो. येईल तेवढे पाणी पुढे जाऊ देणे एवढेच त्याच्या हातात. सप्टेंबर २०२४ मध्ये ६.६१ लाख क्युसेक आले तेव्हा ५६ च्या ५६ दारे उघडणे हाच एक मार्ग होता. खरा घोळ २००८ मध्ये झाला. १८ ऑगस्टला बराजच्या वर, नेपाळातल्या कुसहा गावाजवळ बांध फुटला आणि नदी जुन्या वाटेने पूर्व बिहारात घुसली. बराजची क्षमता साडेनऊ लाख क्युसेक. त्या दिवशी पाणी होते दीड लाखाच्याही आत! बांधाची देखभाल भारताकडे, जमीन नेपाळची. फुटल्यावर दोन्हीकडून बोटे एकमेकांकडे. संयुक्त समित्या तेव्हाही होत्या. बांधावर रात्री बॅटरी घेऊन फिरणारा संयुक्त माणूस नव्हता.

पंचेश्वरसाठीही २०१४ मध्ये प्राधिकरण स्थापले आहे. ते उद्या फक्त धरण बांधणार की चालवणारही? सूची कोणाच्या सहीची? वाट्याबाहेर गेलेल्याला ‘बंद करा’ लिहायची त्याची प्राज्ञा आहे का? आपल्या वार्ताहरांनी पुढच्या लेखात एवढे विचारावे. लाभाची टक्केवारी दहा वर्षांनी ठरली तरी चालेल. या गोष्टी ठरल्याशिवाय पायाचा दगड बसू नये, असे माझे मत आहे.

नागपूरकराला हे फार लांबचे वाटू नये. तोतलाडोहचे धरण आपल्या ताब्यात, वीजघर मध्य प्रदेशच्या, वीज दोन भाग त्यांची आणि एक भाग आपली. वर छिंदवाडा जिल्ह्यात त्याच पेंच नदीवर चौराई धरण झाले, त्यात पाऊसही रुसला आणि जुलै २०१९ मध्ये या शहराने दिवसाआड पाणी भरले. आमच्या मानेवाड्यात टँकरमागे लागलेली रांग मी पाहिली आहे. पुढच्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस उलटे झाले : मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचे पाणी आले, वैनगंगा चढली, गोसेखुर्दची सर्व ३३ दारे उघडावी लागली आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत घरांत पाणी शिरले. इशारा वेळेवर आला की नाही यावर नंतर पुष्कळ छापून आले.

म्हणून एक विनंती. पावसाळ्यात आपण रोज जलसाठ्याची चौकट छापता. त्यात तोतलाडोहच्या शेजारी चौराई आणि गोसेखुर्दच्या शेजारी संजय सरोवर यांचीही त्या दिवशीची पातळी आणि विसर्ग छापावा. छिंदवाडा आणि सिवनीला आपले वार्ताहर आहेतच. सकाळी आठचा आकडा त्यांनी रोज फोनवर मागावा. दिला नाही, तर त्या रकान्यात ‘मिळाला नाही’ असे छापावे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शाखा अभियंता,
मानेवाडा, नागपूर