ताप उतरल्यावर

सोलापूर, रविवार

चि. संतोष,
अनेक आशीर्वाद.

"ताप गेला, आई. उद्यापासून ऑफिस," म्हणालास, आणि तेवढं बोलतानाही खोकलास. आप्पांनीही ऐकलं. काही बोलले नाहीत, पण ताटात अर्धी भाकरी तशीच राहिली.

ताप गेला, मान्य. पण फ्लूचा विषाणू आत काय करून जातो ते ऐक. श्वासनळीच्या अस्तरातल्या पेशींवर अतिसूक्ष्म केस असतात, एकेका पेशीवर २०० च्या आसपास. मंगळवेढ्याच्या ज्वारीवरून वारा जावा तसे ते सतत हलतात, सेकंदाला १०-१५ वेळा, आणि धूळ, जंतू अडकलेला कफ घशाकडे सरकवतात. विषाणू नेमका या पेशींत शिरतो. त्या मरतात, गळून पडतात. मग कफ वर आणायला खोकलाच उरतो. तळाच्या पेशी नवं अस्तर तयार करतात, पण त्याला काही आठवडे लागतात. तोवर नाका-घशातले जिवाणू खाली फुफ्फुसात उतरू शकतात. १९१८ च्या साथीत दगावलेल्यांपैकी बहुतेकांना फ्लूमागून आलेल्या अशाच जिवाणूंच्या न्यूमोनियाने नेलं.

म्हणून सांगते, उतरलेला ताप परत चढला, दम लागला, छातीत दुखलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने घेऊ नकोस, विषाणूवर त्या चालत नाहीत. आणि खोलीत कुणालाही सिगारेट ओढू देऊ नकोस. पुन्हा वर्गात उभी राहिल्यासारखी बोलले, रागावू नकोस रे.

अकरा महिन्यांचा होतास तेव्हा तुझी छाती अशीच भरली होती. तान्ह्या मुलाच्या श्वासनलिका मुळातच बारीक, त्यात गळलेल्या पेशी आणि कफ साचला की हवेला वाट राहत नाही, हे मी पुढे वाचलं. त्या रात्री फक्त तुला खांद्यावर उभं धरून बसले होते. आप्पा कारखान्यातून तसेच आले, केसांत कापूस. आज तू एवढी माणसं सांभाळतोस, मालूमावशी गल्लीभर सांगत फिरते. मलाही फार बरं वाटतं. पण तू खोकलास की मला ती घरघरच ऐकू येते.

बुधवारी छोटी हुतात्मा एक्सप्रेसने येतेय. तिच्याकडे थर्मामीटर दिलाय. शेंगाचटणीही आहे, पण खोकला थांबेपर्यंत डबा उघडू नकोस. सकाळ-संध्याकाळ ताप मोजून आकडा कळव, नुसतं "बरा आहे" नको. आणि परत चढलाच, तर मला विचारत बसू नकोस, आधी डॉक्टरकडे जा.

तुझी,
आई