मुक्ताच्या रिपोर्टांबद्दल

लीड्स, रविवार

प्रिय दादा आणि वहिनी,
सा. न. वि. वि.

मुक्ताचे सिलिअॅकच्या (गव्हाने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराच्या) तपासाचे तिन्ही रिपोर्ट नीट वाचले. सगळ्यात आधी एक सांगते: तिची पोळी बंद करू नका. चार दिवसांपासून तिला नुसती भाकरी-भात देताय, ते मायेपोटी हे कळतं, पण तपास पुरा होईपर्यंत तिच्या पोटात रोज गहू जायलाच हवा.

एक लॅब सिलिअॅक नाही म्हणते, दुसरी आहे म्हणते, म्हणून तुम्ही गोंधळलात. पण दोघींनी मोजलेले आकडे बरोबर आहेत. आयजीए आणि आयजीजी या रक्तातल्या अँटिबॉडींच्या (रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांच्या) दोन जाती. टीटीजी-आयजीए ०.५ पेक्षा कमी, मर्यादा २०. डीजीपी-आयजीजी (ग्लुटेनच्या तुकड्यांविरुद्धच्या आयजीजी) ५८, मर्यादा २०. आता तिसऱ्या कागदाची शेवटची ओळ बघा: एकूण आयजीए, डेसिलिटरला ७ मिलिग्रॅमपेक्षा कमी. तिच्या वयाला ते याच्या कितीतरी पट असायला हवं. सगळा घोळ त्या एका ओळीत आहे.

सिलिअॅकमध्ये गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच एका एन्झाइमविरुद्ध, टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्ध, अँटिबॉडी तयार करतं. नेहमीची टीटीजी तपासणी त्यातल्या फक्त आयजीए जातीच्या अँटिबॉडी मोजते. मुक्ताच्या रक्तात आयजीएच जवळजवळ नाही, तर मोजणार काय? आजार असो वा नसो, तिची ही तपासणी निगेटिव्हच येणार. म्हणून तो पहिला रिपोर्ट बाजूला ठेवा. टीटीजी असा अगदी तळाला गेलेला दिसला की लॅबनेच एकूण आयजीए बघायला हवं. इथे ते झालं नाही, आणि त्यात महिना गेला याचं मला फार वाईट वाटतं.

आयजीएची ही कमतरता बहुतेक वेळा जन्मतःची असते आणि बहुतेकांना तिचा त्रासही होत नाही. पण सिलिअॅक असलेल्या शंभरात दोन-तीन जणांना ती असते, म्हणजे इतर लोकांपेक्षा कितीतरी जास्त. अशा माणसात आयजीजी जातीच्या तपासण्यांवरच भर द्यावा लागतो, म्हणून ५८ चा आकडा मी गंभीरपणे घेते. तिचं आयजीए व्यवस्थित असतं आणि एकटं डीजीपी वाढलेलं असतं, तर मी म्हटलं असतं की घाबरू नका, मुलांमध्ये ते पुष्कळदा फसवं निघतं. हिमोग्लोबिन ९.१ आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ६, दोन्ही इतकं कमी, हेही त्याच दिशेने बोट दाखवतंय.

आता डॉक्टरांना टीटीजी-आयजीजी किंवा ईएमए-आयजीजी (सिलिअॅकचीच आणखी एक अँटिबॉडी तपासणी) करायला सांगा. एकाच लॅबमध्ये करा. प्रत्येक किटची मर्यादा वेगळी असते, त्यामुळे एका लॅबचे ३० आणि दुसरीचे ३० सारखे नसतात. मर्यादेच्या किती पट, एवढंच बघायचं. टीटीजी दहा पट वाढलं तर मुलांना बायोप्सी लागत नाही असं तुम्ही वाचलंय. ते खरं आहे, पण तो नियम टीटीजी-आयजीएचा आहे आणि त्याला दुसऱ्या नमुन्यात ईएमए-आयजीए पॉझिटिव्ह यावं लागतं. मुक्ताला तो लागूच होत नाही. तिची एंडोस्कोपी करून आतड्याचे बारीक तुकडे, म्हणजे बायोप्सी, घ्यावी लागेल.

बायोप्सीत खरी गडबड तुकड्यांच्या संख्येत होते. लहान आतड्यातली सूज ठिकठिकाणी असते, सलग नसते. एक-दोनच तुकडे घेतले तर चांगल्या भागातले येऊन रिपोर्ट नॉर्मल येतो. ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या) सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन आणि पुढच्या भागातून किमान चार घ्यावेत, दोन्ही वेगळ्या बाटल्यांत. हे आधीच विचारा, संकोच करू नका. फॉर्मवर ‘एकूण आयजीए कमी, गहू चालू आहे’ असं लिहून घ्या, म्हणजे तुकडे बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला कळेल.

आयजीए नसलेल्यांना जिआर्डिया हा जंतू जास्त सतावतो, आणि त्यानेही आतड्यातले केसाळ उंचवटे सपाट होऊ शकतात. सिलिअॅकसारखंच दिसतं. म्हणून शौचाची तपासणी आधी करून घ्या. तरीही चित्र धूसर राहिलं तर एचएलए डीक्यू२-डीक्यू८ ही जीनची तपासणी करा. ती निगेटिव्ह आली तर सिलिअॅक जवळपास नाहीच. पॉझिटिव्ह आली तर मात्र काहीच ठरत नाही, कारण ते जीन निरोगी लोकांतही भरपूर सापडतात.

गहू किती द्यायचा? तीस ग्रॅम कणकेच्या पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज दोन पोळ्या पुरेत. मागच्या आठवड्यापर्यंत ती रोज पोळी खात होती, तेव्हा चार दिवसांच्या खंडाने बिघडत नाही, महिनोन्‌महिने थांबायची गरज नाही. पण आत्ता गहू तोडला आणि तिला बरं वाटू लागलं, तर अँटिबॉडी उतरतात, आतडं भरून येतं आणि मग काहीच सिद्ध करता येत नाही. पुन्हा गहू सुरू करून तपासायचं तर ते तिच्या वाढीच्या वयात डॉक्टरही टाळतात. आपल्याकडे भाकरी-भातावर राहणाऱ्या मुलांचे रिपोर्ट याच कारणाने फसवे नॉर्मल येऊ शकतात.

लोहाच्या गोळ्या बायोप्सीसाठी थांबवू नका, डॉक्टरांना विचारून सुरू करा. कधी रक्त चढवायची वेळ आली तर आयजीए नाही हे आधी सांगायचं. आणि शेजारच्या काकूंनी सुचवलेली ‘फूड इनटॉलरन्स’ची पॅनेल तपासणी करू नका. त्यातल्या आयजीजीचा सिलिअॅकशी काही संबंध नाही.

निदान पक्कं झालं तर ओमची आणि तुम्हा दोघांचीही तपासणी करायची, प्रत्येकाचं एकूण आयजीए धरून. नव्या रिपोर्टचा फोटो पाठवाल तेव्हा मर्यादेचा रकाना कापला जाणार नाही असं बघा.

आईबाबांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
सुमा