विचारून सांगते

कोल्हापूर,
19 मार्च 2025

ती. आई आणि बाबांस,
सा. न.

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून घाबरू नका. आपली मशीनिंगची शेड जागेवर आहे, लाईट आहे, गेल्या आठवड्यात अडकलेली दोन पेमेंटही आली. पण फोनवर आपलं बोलणं कसं होतं ते माहीत आहेच. आई "बरं आहे सगळं" म्हणून फोन बाबांच्या हातात देते, बाबा स्पिंडलचा आवाज येतो का विचारतात, आणि तेवढ्यात आजऱ्याची रेंज जाते.

आठ मार्चला महिला दिनाच्या कार्यक्रमात माझ्यावर दाखवलेला तो व्हिडिओ काकूनं घरच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली अंगठे आणि गुलाबाची फुलं यांचा नुसता पाऊस. आई, तू त्या रात्री एवढंच म्हणालीस, "साडी छान दिसत होती." तुझं "छान" मला कळतं. भाजी खारट झाली की तू अशीच पाण्याच्या तांब्याची स्तुती करतेस.

व्हिडिओत निवेदिका म्हणते, "पहिल्या पिढीची उद्योजिका, 2021 मध्ये शून्यातून उभा केलेला व्यवसाय." आणि मी त्या कॉम्प्युटरवाल्या व्हीएमसी मशीनपुढे हाताची घडी घालून, डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून उभी. बाबा, हसून घ्या. आपल्या शेडमध्ये डोक्यात पडण्यासारखं काही असलंच तर तो जुना पंखा. हेल्मेट फोटोवाल्यानं आणलं होतं, साडीचा आग्रहही त्याचाच. पदर मोकळा सोडून मला लेथपाशी उभं करायला निघाला, तेव्हा मात्र मामा धावत आले आणि त्यांनी मेन स्विचच पाडला. "काय काढायचाय तो फोटो काढा, पर मशीन बंद." लेथपाशी ढगळ बाहीसुद्धा चालत नाही, हे सातवीत असताना तुमच्याकडून ओरडा खाऊन शिकलेय मी. आणि आता महिला दिनाच्या प्रत्येक पोस्टरवर ती बाई पदर सोडून मशीनला टेकलेली!

"शून्यातून" हा शब्द माझा नाही. कार्यक्रमवाल्यांनी कागद मागितले, मी उद्यम नोंदणीचं सर्टिफिकेट आणि जीएसटीचा कागद पाठवला. एकट्याच्या मालकीच्या फर्मचा मालक बदलला की पॅन बदलतो, जीएसटी नंबर नवा, करंट खातं नवं. त्यामुळे कागदावर आपली शेड 2021 मध्येच जन्मलीय. आधीची तेवीस वर्षं आईच्या पॅनवर गेली, ती त्या कागदांत कुठेच नाहीत. इथवर माझी चूक नाही. पण कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी निवेदिकेनं मला तो मजकूर फोनवर वाचून दाखवला होता. "काही बदलायचं का ताई?" मी म्हटलं, "नको, छान आहे."

हे सांगायचं होतं. फोनवर जमलं नसतं.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे, "माल बोलतो, आपण कशाला बोलायचं?" खरंय. पण ज्याच्या हातात माल पोचलाच नाही त्याच्याशी तो बोलणार कसा? तुमच्या वेळी उद्यमनगरात एका टपरीवर चहा प्यायला की चार फौंड्र्यांच्या बातम्या कळायच्या. आता आपली सगळी भिस्त एका फौंड्रीवर होती आणि तिनं काम निम्म्यावर आणलं, तेव्हा टपरीवर कोणी काही सांगितलं नाही. पुण्याचा तो पंपवाला आला तो मी लिंक्डइनवर टाकलेल्या व्हिडिओमुळे. पंचेचाळीस सेकंदांचा व्हिडिओ, बाकी काही नाही. 6206 नंबरचं बेअरिंग बसतं ते हौसिंग, 62 मिलिमीटरचा बोअर म्हणजे आतलं भोक, ते मोजायचा बोअर गेज आत सोडलाय आणि काटा हलतोय. वरची मर्यादा 62.03. म्हणजे सगळा खेळ तीस मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या निम्म्यातला. एवढ्यासाठी मी अकरा वेळा शूटिंग केलं, कारण दर वेळी माझा हात दिसायचा. नखांच्या कडेला बीडाची काळी भुकी. आई, तुझ्याच बोटांना असायची तशी. शेवटी मामांचा हात घेतला.

खाली कोणीतरी लिहिलं, "बीडाची भुकी काय बघायची, स्टीलची सुरळी दाखवा." ते चालतं. दुसऱ्यानं लिहिलं, "मॅडम, ऑपरेटर कोण आहे?" चार शब्द. प्रोग्राम माझा, ऑफसेट मी दिलेले, फिक्स्चर मी काढलेलं. तरी मला वाटलं, पकडलं. मी व्हिडिओ काढून टाकला आणि दोन दिवसांनी परत चढवला. त्या दोन दिवसांत तो पंपवाला येऊन गेला असता तर?

हे वाटणं माझ्या एकटीचं नाही म्हणे. अमेरिकेत अटलांटाला पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी 1978 मध्ये यावर लिहिलं. दीडशेहून जास्त हुशार, शिकलेल्या, नावाजलेल्या बायकांशी त्या बोलल्या होत्या. पदव्या आहेत, लोक मानतात, तरी मनात एकच, की आपण सगळ्यांना फसवलंय आणि एक दिवस हे उघडं पडणार. त्यांनी त्याला रोग म्हटलं नव्हतं. "इम्पोस्टर सिंड्रोम" हे रोगाचं नाव पुढे लोकांनी लावलं. आता मोबाईल उघडला की कोणीतरी त्यावर उपाय विकत असतं. आरशासमोर उभ्या राहा, स्वतःला शाबासकी द्या, रोज एक पोस्ट टाका.

मला आपली तुम्ही सांगायचात ती गोष्ट आठवते, बाबा. पानिपतानंतर उपटलेला भाऊसाहेबांचा तोतया. तो पक्का खोटा होता, त्याला ते ठाऊक होतं, तरी छाती काढून फिरला. आणि इथं मी, रोज सकाळी आठला शेडचं कुलूप काढणारी, गिऱ्हाइकाचे ऑडिटवाले आले की दारात चाचरते. गेल्या महिन्यात दोघं आले होते. आत आल्या आल्या, "सर कुठे आहेत?" मी काय म्हणाले असेन? "बाबा गावी असतात." म्हणजे सर आहेत, फक्त गावी आहेत! ते परत फिरून गाडीत बसेपर्यंत मला "मीच आहे" सुचलं नाही.

आणि दुसरी खोड तर आई, तुझीच. कोणी रेट विचारला की मी म्हणते, "विचारून सांगते." कोणाला विचारणार? तुम्ही तिकडे भाताला पाणी देताय. मी कोणालाच विचारत नाही. दोन तास थांबते आणि माझाच रेट फोन करून सांगते.

हे कुठून आलं ते या आठवड्यात लक्षात आलं. आमच्या शाळेच्या सुट्टीत शेडमधल्या त्या पत्र्याच्या केबिनमध्ये फोन वाजायचा. तू घ्यायचीस, "साहेबांना विचारून सांगते हं," म्हणून ठेवायचीस. मग कालनिर्णयाच्या जुन्या पानामागे पेन्सिलनं आकडे. मशीनचा तास, टूल, लाईट, रिजेक्शनचे दोन टक्के धरलेले. अर्ध्या तासानं तूच फोन लावायचीस, "साहेब म्हणाले साडेअकराच्या खाली परवडत नाही." साहेब त्या वेळी कंपनीत पहिल्या पाळीला मशीनवर. त्यांच्याकडे मोबाईलसुद्धा नव्हता.

बाबा, रागावू नका. 1998 ला फर्म आईच्या नावावर का घातली ते मला माहीत आहे. तुम्ही नोकरीत होतात, तुमच्या नावावर धंदा चालला नसता. 2006 ला तुम्ही नोकरी सोडलीत. मधली आठ वर्षं तुम्ही साडेतीनला सुटून, घरीही न जाता, डबा घेऊन शेडवर यायचात आणि रात्री दहापर्यंत उभे असायचात. त्या मेहनतीचा एक कणही मी कमी करत नाही. पण सकाळी सात ते चार तिथं कोण होतं? आई आणि मामा. आवक-जावकची वही कोणाची, चलनं कोणाची, पोरांची उचल कोण द्यायचं? दर गुरुवारी फौंड्रीच्या परचेसला तो गोड फोन कोणाचा, "नुसती आठवण करायला केला हो"? लहान उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असा कायदा 2006 मध्ये आला, पण आईच्या गुरुवारच्या फोननं त्याआधीच लोक वठणीवर आले होते.

तरी सगळे काय म्हणायचे? "वहिनी सहीपुरत्या." तुम्हीही म्हणायचात, हसत. 2021 ला बँकेत खातं बदलताना तो साहेब म्हणाला, "चला, सुटलात सह्यांतून!" तुम्ही हसलात, मी हसले. आई पण हसली आणि तिनं पर्समधलं पेन काढून मला दिलं. मला तेव्हा काहीच दिसलं नाही.

सरकारनं 2013-14 मध्ये आर्थिक गणना केली, त्यात देशातल्या साधारण 5 कोटी 85 लाख आस्थापनांपैकी 80 लाखांवर बायकांच्या मालकीच्या निघाल्या. शंभरात जेमतेम चौदा. हा आकडा मी भाषणात टाकला होता, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई, आपली शेड त्या गणनेत आली असली तर त्या चौदांत तू होतीस. मी नव्हते.

मग मला जे पकडलं जाण्याचं भय वाटतं ते सगळंच खोटं कसं म्हणू? ऑडिटवाल्यापुढे चाचरते तो वेडेपणा, तो मी घालवेन. पण त्या स्टेजवर "शून्यातून" ऐकताना पोटात जे हललं ते बरोबरच होतं. त्याला आरशासमोर उभं राहून शाबासकी देणं हा उपाय नाही.

म्हसवडच्या माणदेशी बँकेची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. चेतना सिन्हांनी गावातल्या बायकांना घेऊन बँकेचा अर्ज केला, तो पहिल्यांदा नाकारला गेला, कारण बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अर्जावर अंगठे होते. त्या शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशोब आम्ही तोंडी करतो, तुम्ही करून दाखवा. 1997 मध्ये बँक झाली. त्यांना सही येत नव्हती पण हिशोब येत होता. आपल्या घरात उलटं झालं. हिशोब करणारीला आपण तेवीस वर्षं नुसती सही येते असं म्हणत राहिलो.

अजून एक कबुली, आणि ही ऐकून बाबा नक्की ओरडणार. दोन वर्षांपूर्वी मला एक पुरस्कार मिळाला, तो मिळाला नव्हता, घेतला होता. एका बाईचा फोन आला, "तुमची निवड झालीय." निवडीचे पंधरा हजार, वर अठरा टक्के जीएसटी. पावती मी "जाहिरात खर्च" म्हणून टाकली. त्या हॉलमध्ये माझ्यासारख्या साठ-सत्तर जणी होत्या, एकीलाही दुसरीनं काय केलंय ते ठाऊक नव्हतं, आणि सगळ्या एकमेकींचे फोटो काढत होत्या. पलीकडच्या खुर्चीतली एक लोणच्याचा धंदा करणारी कानात म्हणाली, "तुमच्याकडून पण घेतले का ओ?" आम्ही दोघी इतक्या हसलो. त्या दिवसातलं तेवढंच खरं. ती काचेसारखी ट्रॉफी आता केबिनच्या दाराला अडसर म्हणून लावलीय. वजनाला बरी आहे.

आता कामाचं. फर्मच्या पानावरचा मजकूर मी बदलायला घेतलाय. असा लिहिलाय: "ही शेड 1998 मध्ये माझ्या आईनं सुरू केली. पहिली आठ वर्षं दिवसा ती चालवायची, संध्याकाळी बाबा. 2021 पासून मी बघते. रेट आजही तिच्याच पद्धतीनं काढते." त्याखाली तुझा फोटो हवाय, आई. 2003 च्या खंडेनवमीचा तो आहे बघ, लेथला झेंडूची माळ, मामांच्या हातात नारळ, आणि कडेला तू वही छातीशी धरून, अर्धी फ्रेमच्या बाहेर. बाबांनी रोल संपवायच्या घाईत काढलेला. तेवढा एकच आहे ज्यात तू शेडमध्ये दिसतेस.

तू म्हणशील, "मला कशाला त्यात ओढतेस, लोक काय म्हणतील." म्हणून मी अजून काहीच चढवलेलं नाही. रेट सांगताना मी खोटं बोलते, पण हे मात्र खरोखर विचारून सांगणार आहे. नको म्हणालीस तर फोटो लावणार नाही. मजकूर मात्र बदलणारच, त्यात तुझी परवानगी मागत नाही.

रविवारी येताय ना? येताना ती लाल बांधणीची वही आणा, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असेल, आणि दोन किलो घनसाळ तांदूळ. आणि बाबा, नव्या हौसिंगला बोअर वीस मायक्रॉननं ओव्हल येतोय, क्लॅम्प सोडला की. मामा म्हणतात पकड जास्त होतेय, मला वाटतं कास्टिंगची भिंतच पातळ आलीय. तुम्ही एकदा हात लावून बघा.

तुमची,
मनी