पहाटे फिरणाऱ्यांचे कपडे

महोदय,

थंडी सुरू झाली की यवतेश्वर घाटात आणि अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर पहाटे फिरायला जाणाऱ्यांची व सायकलस्वारांची वर्दळ वाढते. परंतु काळे जर्किन, करडी शाल आणि गडद कानटोपी अशा वेशातील ही मंडळी अंधारात, त्यातून धुके असेल तर, वाहनचालकाला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. ताशी 60 किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात 16 मीटरहून अधिक अंतर कापते. बेफाम गाडी हाकणाऱ्याची जबाबदारी यामुळे कमी होत नाही, हे खरेच. पण सावध चालकालाही माणूस दिसायला तर हवा!

पोपटी किंवा नारिंगी जाकीट घातले की झाले, असा समज आढळतो. हे भडक रंग सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे दिवसा उठून दिसतात. रात्री त्यांचा फारसा उपयोग नसतो. तेव्हा प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवणारी चंदेरी परावर्तक पट्टीच हवी, आणि तीही केवळ पाठीवर नको. घोट्यावर किंवा सायकलच्या पायडलवर लावलेली पट्टी सतत हलते, त्यामुळे समोर माणूस आहे हे चालकाला लवकर उमगते.

गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलींना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा निघतात, ते योग्यच आहे. त्याच रस्त्यांवरून अंधारात पायी जाणाऱ्या ऊसतोड मजुरांनाही साखर कारखान्यांनी मुकादमांमार्फत अशा पट्ट्या द्याव्यात.

– एक वाचक, सातारा