तीन पिकोसेकंदांनंतर

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

माळ्यावरून माझा प्रबंध, प्रकाशानेच प्रकाश चालू-बंद करणाऱ्या सोन्याच्या स्विचवरचा, काढून तू तो वाचलास, याचंच मला आधी नवल वाटलं. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमागे तो 2012 पासून पडून होता. आणि वाचून विचारलंस काय, "आई, तुझे सगळे आलेख तीन पिकोसेकंदांवरच का थांबतात?" पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग. फोनवर मी "तेवढंच लागतं गं" म्हणून विषय बदलला. तोंडी परीक्षेला समोर तीन मोठी माणसं बसली होती, त्यांतल्या एकानेही हे विचारलं नव्हतं. म्हणून आज रविवारी सवडीने लिहायला बसले आहे.

तू पहिलीत होतीस तेव्हाचं तुला आठवत असेल. लॅबला निघताना मी बांगड्या, मंगळसूत्र, घड्याळ सगळं काढून स्टीलच्या डब्यात ठेवायचे आणि तू त्या बांगड्या कोपरापर्यंत चढवून घरभर फिरायचीस. लेझरचा किरण चकचकीत धातूवरून उसळून कुणाच्या डोळ्यात जाईल याचा नेम नसतो, म्हणून हा नियम. सोन्यावर संशोधन करणारी बाई रोज लंकेची पार्वती होऊन कामाला जायची. आजीला हे कधीच पटलं नाही.

आमचं सोनं मात्र दागिन्याचं नव्हतं. ॲल्युमिनियमच्या पातळ थराला आम्लात बुडवून वीज दिली की त्याचं ॲल्युमिना, म्हणजे ऑक्साइड, बनतं आणि त्यात एकसारखी, उभी, सूक्ष्म छिद्रं पडतात. त्या छिद्रांत विजेनेच सोनं भरायचं. मिळतं ते सोन्याच्या कांड्यांचं रान, एकेका कांडीची जाडी काही दशनॅनोमीटर. साध्या सोन्याच्या पत्र्यावर लेझरची टिचकी, म्हणजे प्रकाशाचा क्षणभराचा झोत, मारली तर त्याच्या परावर्तनात हजारात एखाद्या भागाचा फरक पडतो. कांड्यांत इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र झुलतात, आणि तो ताल इतका नेमका असतो की सोन्याचा गुणधर्म जरासा बदलला तरी आरपार जाणारा प्रकाश चांगलाच कमीजास्त होतो. 2011 साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या अनातोली झायात्स यांच्या गटाने अशाच कांड्यांवरचा निबंध छापला, तेव्हा आमच्या लॅबमध्ये दोन दिवस दुसरं कुणी काही बोललं नाही. साउदॅम्प्टनच्या निकोलाय झेलुदेव यांच्या गटाने त्याआधी दोन वर्षं ॲल्युमिनियमवर फेम्टोसेकंदांचा (पिकोसेकंदाच्या हजाराव्या भागांचा) खेळ दाखवला होताच.

हा खटाटोप कशासाठी, हेही तू विचारलं होतंस. दोन विजेऱ्यांचे झोत एकमेकांवर सोड. दोघेही एकमेकांची दखल न घेता पार होतात. प्रकाशाने प्रकाशाला अडवायचं तर मधे एखादा पदार्थ मध्यस्थ हवा; आमच्याकडे ते काम सोन्याच्या कांड्या करायच्या. एरवी फायबरमधून आलेल्या प्रकाशाची वीज करायची, विजेवर निर्णय घ्यायचा आणि पुन्हा त्याचा प्रकाश करायचा, हा द्राविडी प्राणायाम आहेच.

आता तुझा प्रश्न. टिचकी बसली की सगळी ऊर्जा आधी इलेक्ट्रॉन घेतात. त्यांची उष्णता धरायची ताकद अगदी कमी, त्यामुळे ते क्षणात दीड हजार केल्विनपर्यंत जातात, आणि अणूंच्या जाळीला अजून पत्ताही नसतो. मग पिकोसेकंद-दोन पिकोसेकंदांत ते ही ऊर्जा जाळीला देऊन टाकतात आणि जाळी जेमतेम तीसेक अंशांनी तापते. मोठ्या पातेल्यातल्या आमटीवर पळीभर कडकडीत फोडणी ओतल्यासारखं. चर्र होतं, सगळं घर दणाणतं, आमटी मात्र होती तशीच. तो चर्र म्हणजे आमचा स्विच. माझ्या आलेखांतला उंच सुळका तोच.

पण तीस अंश म्हणजे शून्य अंश नव्हे. ती ऊब कांडीतून आजूबाजूच्या ॲल्युमिनाच्या थरात झिरपायला शेकडो पिकोसेकंद घेते, आणि तोवर स्विच पूर्ण बंद होत नाही. सुळका उतरल्यावर त्याच्या दहाव्या भागाएवढी एक शेपटी मागे राहते, जवळजवळ आडवी. तीन पिकोसेकंदांवर आलेख कापला की ती शेपटी कुणाला फारशी दिसत नाही. अक्षरं मोठी ठेवली तर मुळीच नाही.

यंत्राला दोष देता येत नाही. आमच्याकडे वेळ मोजायची म्हणजे टिचकीनंतर सोन्याचा हाल बघायला पाठवलेला दुसरा किरण आरसा सरकवून उशिरा पोचवायचा. आरसा एक मिलिमीटर मागे नेला की किरणाला जाऊन-येऊन दोन मिलिमीटर जास्त चालावं लागतं, म्हणजे साधारण 6.7 पिकोसेकंदांचा उशीर. तीन पिकोसेकंदांना अर्धा मिलिमीटरसुद्धा लागत नाही. आरशाची पट्टी चांगली वीतभर लांब होती. लांब नेलं की किरण जागेवरून हलतो, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे. हलतो खरा, पण तो सरळ करायला एक दुपार पुरते, आणि ती दुपार मी घालवली होती.

शेपटीचा उल्लेख प्रबंधात आहे, नाही असं नाही. चौथ्या प्रकरणात "अवशिष्ट औष्णिक योगदान", एका वाक्यात, तेही कंसात. तू ते वाचूनच विचारलं असणार.

आणखी एक गोष्ट मी कंसातही लिहिली नव्हती. आमचं लेझर सेकंदाला हजार टिचक्या मारायचं. म्हणजे पिकोसेकंदभर काम केलं की सोन्याला मिलिसेकंदभर विश्रांती. कामाच्या अब्जपट. एखाद्याने एक सेकंद राबून एकतीस वर्षं रजा घ्यावी, तसं. एवढ्या रजेत कुठलीही शेपटी विरते. पण फायबरमधली खरी माहिती रजा देत नाही. लागोपाठ टिचक्या बसल्या की ऊब उबेवर चढत जाते. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी मोठ्या ऐटीत "टेराहर्ट्झ वेगाचा स्विच", म्हणजे सेकंदाला लाख कोटी वेळा चालू-बंद होणारा, असं लिहिलं, ते एका टिचकीपुरतं खरं होतं. शिवाय सोनं स्वतःच बराच प्रकाश गिळतं, तो हिशेब वेगळा.

का कापला, हे विचारलंस तर खरं उत्तर फार साधं आहे. सुळका देखणा होता. सहा महिने रात्री जागून मिळवला होता, आणि त्याच्या मागची ती लोंबणारी रेघ मला बघवत नव्हती. मार्गदर्शकांनी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं.

तुझ्या मामाच्या हातून माझी तेव्हाची हिरव्या पुठ्ठ्याची वही पाठवते आहे, सोबत जुनी हार्ड डिस्क. पान 112 पासून पुढचे आकडे बघ. तिथे आरसा 75 मिलिमीटरपर्यंत नेलेला आहे, म्हणजे 500 पिकोसेकंद, आणि शेपटी तिथेही पुरती शून्यावर आलेली नाही. हा आलेख मी कधी काढलाच नाही. सुट्टीत वेळ मिळाला तर तू काढ. वेळेचा अक्ष लॉगमध्ये (दर घराला दहापट) घे, नाहीतर माझा सुळका उभ्या रेघेसारखा दिसेल.

डब्यात बेसनाचे लाडू आहेत. होस्टेलच्या खोलीत सगळ्यांना दे, एकटी संपवू नकोस.

तुझी,
आई