तलावपाळीची ‘पाळी’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ठाण्यातल्या स्थळनामांवरचा लेख वाचला. मासुंदा तलावावर बायका पाळीपाळीने पाणी भरत, म्हणून ती ‘तलावपाळी’! कल्पना गोड आहे. पण लेखकमहाशयांनी लिहिण्यापूर्वी स्वतःच्या कानाला हात लावला असता तरी काम भागले असते. कानाची पाळी काय नंबर लावून येते? पाळ म्हणजे कड, तळ्याचा उंच बांधलेला काठ. संस्कृतातली ‘पालि’ ती हीच. सुश्रुताने फाटलेली कर्णपाली जोडण्याचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. उदयपूरच्या फतेहसागरला ‘पाल’ आहे, गुजरातीत सरोवराला ‘पाळ’ आहे. अमरकोशात पालीचा ‘रांग’ असाही अर्थ आहे, तेव्हा पाणी भरायची पाळी तिथून आली म्हणा हवे तर. तलावपाळीला मात्र त्यात ओढू नका.

एवढे चिडायला कारण आहे. माझ्या पुतण्याच्या मुलीने सातवीच्या निबंधात ‘आमच्या गावच्या तळ्याची पाळ फुटली’ असे लिहिले. बाईंनी ‘पाळ’भोवती लाल गोल काढून वर ‘भिंत’ लिहिले आणि अर्धा गुण कापला. पोरीने हा शब्द आजोबांकडून उचललेला. आमच्या थोरल्या बंधूंनी पाळीवर माती टाकण्यात उभे पावसाळे घालवले आहेत. मी कोश बगलेत मारून शाळेत गेलो. बाई सौजन्याने वागल्या, चहासुद्धा आला. ‘काका, शब्द असेलही, पण आता कोण वापरतं?’ म्हणाल्या. मी म्हटले, गडकरी रंगायतनला नाटक बघायला जाता तेव्हा रिक्षावाल्याला काय सांगता? ‘तलावपाळी.’ मग? त्यावर हसल्या. अर्धा गुण काही परत मिळाला नाही. आता तुमच्या लेखाचे कात्रण त्या माझ्यापुढे धरतील, आणि छापून आलेल्यापुढे माझ्या कोशाला कोण विचारतो?

दुरुस्ती छापावी ही विनंती. कोपऱ्यात, चार ओळींत छापली तरी चालेल. आणि छापणारच असाल तर शब्दकोड्याचे उत्तरही छापा. गेल्या रविवारी त्या जागी पंख्यांची जाहिरात होती.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे